गुंडाळीतले धुरांडे

भाच्याने घसरगाडीवरच्या पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवली ती एक करडी, चकचकीत गुंडाळी होती. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड. "मामा, हे आपलं धुरांडं," तो म्हणाला. गुंडाळी उलगडली तेव्हा 2.1 मीटर लांबीची पट्टी झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, एली गावाच्या पुढे, बाउंड्री वॉटर्सच्या अरण्यात एका गोठलेल्या तळ्याकाठी आम्ही उभे होतो. पारा शून्याखाली 24 अंश. या सुमारे 11 लाख एकर अरण्यात गाडी आणता येत नाही. जे लागेल ते स्वतः ओढत आणायचे. म्हणून तंबूत मांडायची, या धुरांड्याची ही सुटी होणारी शेगडी त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून, सबंध एका हिवाळ्याच्या संध्याकाळी खर्चून बनवली होती. एखादी चांगली कविता हाती आली की आपण तिच्यापाशी थांबतो, तसा मी त्या शेगडीपाशी तीन रात्री थांबलो.

आधी तिचे वजन. पेटी 40 सेंटिमीटर लांब, 20 रुंद, 20 उंच. पत्रा टायटेनियमचा, पाव मिलिमीटरचा. धुरांड्याचा पत्रा त्याहून पातळ, 0.1 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढा. नुसत्या पेटीचा पत्रा 450 ग्रॅम, धुरांड्याचा 220. कड्या, जाळी, झडप, जोडसळया सगळे धरून किलोच्या आत. पोलादाची घनता टायटेनियमच्या पावणेदोनपट, त्यामुळे हीच शेगडी पोलादाची केली असती तर पत्र्याचेच वजन पावणेबाराशे ग्रॅमवर गेले असते. घरी शेगडी करणारे बरेच जण दारूगोळ्याच्या जुन्या लष्करी पेटीपासून सुरुवात करतात. तिचे दार घट्ट बसते, पण ती पाठीवर घेऊन कोणी चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर भाच्याने कटाक्षाने टाळला. तो लालबुंद तापला की जस्ताचा धूर होतो आणि त्या धुराने माणसाला ताप भरतो.

आमच्या वाईच्या घरात न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. वरून गोवरीचे तुकडे आणि ढलप्या टाकायच्या; खालच्या तोंडाने वारा आत ओढला जाई आणि नळी घुमू लागे. भाच्याच्या शेगडीत मला पहिल्यांदा तो बंबच दिसला. निसर्गाचा नियम तोच. पण बंबाभोवती घडाभर पाणी होते, आजीच्या चुलीभोवती वीतभर जाड माती होती. चूल विझल्यावरही वैलावरची आमटी तासभर कोमट राही. या शेगडीने ते सगळे सोडून दिले आहे. ती काही म्हणजे काही साठवत नाही. जाळ गेला की पाच मिनिटांत पत्रा गार.

पहिल्या रात्री मला ही उणीव वाटली. दुसऱ्या रात्री बोटे बधिर होऊन तंबूत शिरलो तेव्हा उमगले की हाच तिचा प्राण आहे. मातीची चूल आधी स्वतः तापते, मग आपल्याला देते. इथे पहिल्या काटकीची धग पत्रा जराही स्वतःपाशी ठेवत नाही. काडी ओढल्यापासून पाच मिनिटांत मी हातमोजे काढले, दहा मिनिटांत टोपी.

तिचा सगळ्यात देखणा भाग धुरांडेच. पत्र्याची पट्टी एका दिशेने गुंडाळलेली असते. ती उलगडून आडव्या दिशेने वळवायची, कडेवर कड चढवायची आणि दर 35 सेंटिमीटरवर एक कडी सरकवायची. पहिल्यांदा हे करताना अंगणात दोन माणसे लागली होती, असे भाचा सांगत होता. पत्रा सारखा उसळतो, त्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या, जाड हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिला जाळही अंगणातच, उघड्यावर, कारण पत्र्यावरचे तेल जळून जावे लागते. त्या पहिल्या जाळात आणखी एक गोष्ट घडते. तापल्यावर धातूतला ताण सैल होतो आणि पत्रा नव्या वळणाला राजी होतो. पुढच्या वेळी तो निम्मा आपणहूनच नळी होतो.

त्याच जाळाने त्यावर रंगही चढवले आहेत. पेटीलगत मोरपिसासारखा निळा, मग जांभळा, मग सोनेरी, आणि वर पुन्हा मूळचा करडा. हा रंग कोणी लावलेला नाही. तापलेल्या टायटेनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग जसा रंग दाखवतो तसाच तो थर दाखवतो. जाडी बदलली की रंग बदलतो. धुरांड्यावर कुठे किती आच पोचली ते असे खालून वर वाचता येते. बॅटरीच्या उजेडात मी ते कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

पेटवण्याचीही एक रीत आहे. गार नळीतली जड हवा हटत नाही आणि धूर उलटा तंबूत येतो. म्हणून भाचा बर्चच्या सालीची एक गुंडाळी आधी नळीच्या बुडाशी पेटवतो. ही साल ओली असली तरी तेलकट जाळ धरते. नळी तापते, आतली हवा वर चढते, आणि मग पेटीतला जाळ तिच्यामागे धावतो. धुरांड्यात 300 अंशांची हवा असेल तर ती बाहेरच्या त्या थंड हवेच्या निम्म्याहूनही हलकी असते. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी ओढ जास्त. "आता बोलू नका मामा, नुसतं ऐका," भाचा म्हणाला. नळी हलक्या आवाजात घुमत होती, थेट बंबासारखी. त्याने झडप पाव वळणाने फिरवली आणि तो सूर एक पायरी खाली उतरला.

शेगडी मांडण्याआधी त्याने बर्फ पायांनी तुडवला, घट्ट होऊ दिला आणि वाळलेले दोन ओंडके आडवे टाकून त्यांवर शेगडीचे पाय टेकवले. नाहीतर खालचा बर्फ वितळून ती रात्रीतून खचत जाते. मला जॅक लंडनची 1908 सालची आगीवरची कथा आठवली. तिच्यातला माणूस झाडाखाली जाळ करतो आणि फांद्यांवरचा बर्फ कोसळून तो विझतो. इथे जाळाला खाली पाया आहे आणि वर छप्पर. धुरांडे जिथून बाहेर पडते तिथे तंबूला काचतंतूंच्या कापडाची, सिलिकॉन चढवलेली चकती शिवली आहे.

एक दोष मात्र मला खटकला. पेटीच्या तळाला बाक आला आहे. पाव मिलिमीटरचा पत्रा निखाऱ्यांखाली सपाट राहत नाही. तळाला आधीच दोन घड्या घातल्या असत्या तर तो ताठ राहिला असता, असे मी म्हणालो. भाच्याने वहीत लिहून घेतले.

सरपण अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीचेच लागते. या अरण्यात मेलेले, जमिनीवर पडलेले लाकूडच जाळता येते, त्यामुळे एका करवतीवर भागते. किलोभर सुक्या लाकडात साधारण 4 युनिट विजेएवढी उष्णता असते, पण ही पेटी एका वेळी मूठ-दोन मुठीच घेते. दर वीस मिनिटांनी कोणीतरी तिला भरवायला हवे. आम्ही पाळी लावली होती. दहाच्या सुमारास तिला विझू द्यायचे, हे भाच्याने पहिल्या दिवशीच ठरवून टाकले होते. झडप बंद करून रात्रभर लाकूड धुमसत ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तंबूची वरची खिडकी तर जागेपणीही उघडीच. विझताना पत्रा आकसून टिकटिक वाजतो, दोन मिनिटांत तेही थांबते, आणि मग आपल्याच श्वासाचे दव कापडावर गोठू लागते. एलीजवळच्या टॉवर गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 51 अंश नोंदले गेले होते. तिसऱ्या रात्री झोपण्याच्या पिशवीत पडल्या पडल्या मला तो आकडा आठवत राहिला.

सकाळचा चहा झाला. राख ओतून दिली, पेटीच्या बाजू सुट्या करून एकावर एक ठेवल्या. धुरांडे हाताला गार लागत होते. कड्या निघाल्या तशी नळी उघडली आणि आतली काजळी बर्फावर सांडली.

"तुम्ही गुंडाळा, मामा," भाचा म्हणाला.

मी हातमोजे चढवले, एक टोक धरले, आणि पत्रा माझ्या हाताखाली आपणहून वळत गेला.