वाघ, सिंह आणि बाजूचा दरवाजा

खारकोपरहून लोकल, नेरूळला उतरून हार्बर, मग सीएसएमटी. गव्हाणहून मुंबईला जायचं म्हणजे माझ्यासाठी एवढंच. कित्येकदा गेलो, पण त्या इमारतीचा मुख्य दरवाजा समोरून नीट पाहिला नव्हता. कारण आपण त्यातून जातच नाही.

एकदा महापालिकेच्या बाजूला उभे राहून बघा. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. दोघांना सारखाच खांब. मला आधी वाटलं, अरे वा, बरोबरी! पण फाटकाच्या आत होतं जीआयपी रेल्वे कंपनीचं मुख्यालय. आज मध्य रेल्वेचं आहे. प्रवासी तेव्हाही बाजूने, आताही बाजूने. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन पेज फार सुंदर, पण अकाउंट फक्त ॲडमिनचं.

१८७८ साली काम सुरू झालं. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, समोरची महापालिकाही त्याचीच. नाव त्याचंच घेतलं जातं. पण सीताराम खंडेराव हे असिस्टंट इंजिनिअर होते, आणि दगडातलं बरंचसं नक्षीकाम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जेजेच्या, विद्यार्थ्यांनी केलं. मला स्टीव्हन्सपेक्षा ही पोरं जास्त आवडतात. कमानी गॉथिक, पण कोपऱ्याकोपऱ्यात मोर, माकडं, पानं-वेली. साहेबाच्या डिझाइनमध्ये आपलं अंगण घुसवलंय. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेत, त्यात जगन्नाथ शंकरशेट आहेत. घड्याळाखालचा कोनाडा मात्र रिकामा. तिथे व्हिक्टोरिया होती, स्वातंत्र्यानंतर तिला हलवलं. तो तसाच ठेवलाय, हे मला बरं वाटतं. तिथे दुसरं कुणी बसवलं असतं तर गेलेली राणी इतकी दिसली नसती.

या दरवाजाची स्तुती करताना 'भव्य' म्हणून सुटका करून घेतात. २००४ पासून तो जागतिक वारसा आहे, त्यामुळे टीका करायला जीभ वळत नाही. पण भव्यता कुणाला आत घेते, हाही सौंदर्याचाच प्रश्न आहे. आमच्या गावाजवळ ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. डिझाइन कमळाचं, झाहा हदीद यांच्या फर्मचं. त्यासाठी शेजारच्या गावांनी घरं सोडली. तिकिटाशिवाय त्या कमळाच्या आतही जाता येत नाही. सुरक्षेची कारणं मला कळतात, तरी फाटकातला वाघ आठवतोच.

मागच्या महिन्यात बाबांना मुद्दाम रस्त्यापलीकडे नेलं. वारसा, गॉथिक, सगळं सांगितलं. ते बराच वेळ वर बघत होते.

"सिंहाचं माहीत नाय," ते म्हणाले, "पण वाघ काढणाऱ्यानं वाघ बघितलेला असणार."

मग सबवेतून आम्ही लोकलकडे गेलो. सव्वापाचची पकडायची होती.