भिंगातली रेघ

मावशीचा चष्मा मी आजवर शंभरदा पुसून दिला असेल, पण तो वाचला परवा. भाईंदरहून उत्तनच्या बसने मुर्ध्याला उतरले, तर ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने चष्मा काढला आणि सुपाच्या कडेला ठेवून डोळे पुसले. तिरपं ऊन भिंगावर पडलं आणि खालच्या भागात एक आडवी रेघ चमकली. इंचाहून जरा लांब, सरळ, धारदार. तिच्याखाली पोट सुटलेला अर्धगोल, जणू आडवा पाडलेला इंग्रजी डी. दुकानदार याला 'डी बायफोकल' म्हणतात.

मी माझा चष्मा काढून शेजारी ठेवला. माझ्या भिंगात रेघ नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी थेट प्रोग्रेसिव्ह घेतला, आणि दोन महिने त्याच्याशी जुळवून घेतल्यानंतर आता मला या दोन्ही काचांविषयी मनापासून काही सांगावंसं वाटतं. कवितेची ओळ जशी पुन्हा पुन्हा वाचावी तशी ही काच वाचावी, इतकं तिच्यात भरलेलं आहे.

आपल्या भाषेने या वस्तूला फार सुंदर नाव दिलं आहे: चाळिशी. वयाला चाळिशी, त्या वयात येणाऱ्या नजरेच्या मंदपणाला चाळिशी, आणि त्यासाठी नाकावर चढणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म'वरून, म्हणजे डोळ्यावरून आला. त्यातून फक्त अवयव कळतो. 'चाळिशी'त काळ येतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं पाहताना ते फुगतं, दूरचं पाहताना सपाट होतं. वयाबरोबर ते ताठरत जातं आणि चाळिशीच्या आसपास पेपर धरलेला हात आपोआप लांब होऊ लागतो. मग वाचायचा नंबर लागतो, एकच्या आसपास; पन्नाशीत तो दोनकडे जातो, साठीत अडीचपर्यंत. माझा दीड आहे, मावशीचा अडीच. अडीच नंबराचं भिंग 40 सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट करतं. मावशीच्या डोळ्यापासून मांडीवरच्या सुपापर्यंत मी वितीने मोजलं: जवळजवळ दोन विती. रेघेखालचा तो इवलासा अर्धगोल नेमका त्या सुपासाठी घडवलेला आहे. खडा दिसावा, खडा आणि तांदूळ यांतला फरक दिसावा, एवढंच त्याचं काम.

या रेघेची मूळ कल्पना बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर सांगतात. 23 मे 1785 रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, पॅरिसजवळच्या पासी इथून त्याने लंडनच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात या दुहेरी चष्म्याचं वर्णन आहे. पूर्वी प्रवासात तो दोन चष्मे बाळगी, एक वाचायला आणि एक बाहेरचा देखावा पाहायला. मग दोन्ही भिंगं कापून अर्धी-अर्धी एकाच चौकटीत बसवून घेतली. पण त्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली जागा पुढे येते. जेवणाच्या टेबलावर ताटातलं दिसायचा चष्मा लावला तर समोर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि परक्या भाषेत चेहरा दिसल्याशिवाय बोलणं पुरतं कळत नाही; म्हणून या चष्म्याने आपल्याला फ्रेंच जास्त समजू लागलं, असं तो सांगतो. चष्म्याने ऐकू येतं, ही गोष्ट मला मावशीकडून ठाऊक होती. मी घाईघाईने काही सांगू लागले की ती म्हणते, "थांब गो, चष्मा लावू दे, मग बोल." फ्रँकलिनचं पत्र आणि हे वाक्य, दोन्हींत अनुभव एकच आहे.

पण रेघेची किंमतही असते. नजर वरच्या भागातून खालच्या तुकड्यात उतरली की समोरची वस्तू जागेवरून उडी मारते. जुन्या गोल तुकड्याच्या भिंगात, ज्याला दुकानात क्रिप्टॉक म्हणतात, ही उडी मोठी असते. तुकडा 22 मिलिमीटर व्यासाचा असला तर त्याचं केंद्र वरच्या कडेपासून 11 मिलिमीटर खाली येतं, आणि अडीच नंबराला दीड मीटरवरची पायरी चार सेंटिमीटर वर सरकलेली दिसते. डी बायफोकलमध्ये केंद्र रेघेच्या साधारण पाचच मिलिमीटर खाली असतं, म्हणून उडी दोन सेंटिमीटरच्या आत राहते. शिवाय वाचायच्या तुकड्यातून पायाजवळची जमीन धूसर दिसते ती वेगळीच. दोन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात. पायरी उतरताना ते पाऊल चुकवायला पुरतात.

मावशीचं तारुण्य मिठागरावर गेलं. बायफोकल नवा होता तेव्हा महिनाभर तिने बांधावर पाय ठेवला नाही. बांध अरुंद, दोन्हीकडे खारं पाणी, आणि पायाखालची माती धूसर. मग तिने स्वतःच युक्ती शोधली: हनुवटी छातीला टेकवायची आणि रेघेच्या वरून खाली बघायचं. आज ती ओटीवरून अंगणात उतरते तेव्हा आधी मान झुकते, मग पाऊल पडतं. तिच्या शरीराने काचेचं व्याकरण पाठ केलं आहे. कुणी तिला शिकवलं नव्हतं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

माझ्या काचेचा इतिहास अलीकडचा. 1959 साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ या अभियंत्याचं 'व्हॅरिलक्स' बाजारात आलं, आणि रेघ नसलेलं भिंग लोकांच्या नाकावर रुळू लागलं. वर दूरचा नंबर, खाली वाचायचा, आणि मधे हळूहळू वाढत जाणारी अरुंद पट्टी. दुकानात तिला कॉरिडॉर म्हणतात. मी तिला गावठाणातली गल्ली म्हणते. गल्लीतून सरळ चाललात तर घर सापडतं, अंग जरा कडेला गेलं की भिंत लागते. काचेतल्या गल्लीच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंचा धूसरपणा. तो कारागिराच्या हलगर्जीपणाने येत नाही. गल्लीत नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला विकृती वाढते, हे मिंकविट्झ नावाच्या संशोधकाने 1963 मध्ये गणिताने दाखवून दिलं. आखणी कितीही कुशल असली तरी ती विकृती इकडून तिकडे सरकवता येते, सौम्य पसरवता येते, नाहीशी करता येत नाही.

पहिल्या आठवड्यात हे गणित मी बसच्या खिडकीतून पाहिलं. मिठागरांचे चौकोनी वाफे, एरवी फूटपट्टीने आखलेले, डोळ्याच्या कडेला आले की लाटेसारखे डोलत. मिठाच्या ढिगांची पांढरी टोकं वाकत. पोटात कसंतरी होई. वाचायला हनुवटी वर उचलावी लागे आणि संध्याकाळी मान दुखे. नंतर कळलं की चौकटीत माझ्या बुबुळाची उंची दोन मिलिमीटर चुकीची धरली गेली होती. भिंग नव्याने बसवून घेतल्यावर पंधरा दिवसांत वाफे पुन्हा सरळ झाले. खरं म्हणजे बदलली ती मान: कडेचं पाहायला आता डोळे वळत नाहीत, नाक वळतं.

मावशीच्या ओटीवर मी माझ्या भिंगावर फुंकर घातली आणि ते उन्हाकडे तिरपं धरलं. वाफेत दोन बारीक वर्तुळं उमटली, एकमेकांपासून 34 मिलिमीटरवर. बाहेरच्या वर्तुळाखाली केसाएवढ्या अक्षरांत कोरलेलं: 15. माझा दीड नंबर. ज्या काचेने आपली रेघ इतक्या कौशल्याने लपवली, तिने आपलं वय मात्र कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे. मी मावशीला दाखवलं. तिने आपला चष्मा लावून, हनुवटी किंचित वर करून, रेघेखालून माझा आकडा वाचला.

या दोन रचनांतली सरस कोणती? माझ्यासारखीला, फळा, संगणक आणि वही एका तासात पाहावी लागते तिला, प्रोग्रेसिव्ह बरा. मावशीला तिची डीच योग्य. वाचायला रुंद जागा मिळते, बाजूंना डोलणं नाही, आणि उडी कुठे आहे ते रेघ आधीच सांगते. ऑस्ट्रेलियातला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला याच दिशेने नेतो. बायफोकल-प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्या वृद्धांना बाहेर जाताना घालायला दूरच्या एकाच नंबराचा साधा चष्मा दिला, तेव्हा नियमित बाहेर हिंडणाऱ्यांचं पडणं कमी झालं. बहुतेक वेळ घरात राहणाऱ्यांचं घराबाहेर तोल जाऊन पडणं मात्र वाढलं. म्हणजे चष्मा निवडताना नंबराआधी माणसाचा दिवस विचारायला हवा.

तुमच्या घरात कुणी नवी चाळिशी आणली असेल तर पहिले पंधरा दिवस त्यांना जिना उतरताना एकटं सोडू नका. महिन्याभरानेही चक्कर किंवा मानदुखी राहिली तर सवय होईल म्हणून गप्प बसू नका. दुकानात जाऊन, चौकट नाकावर असताना, बुबुळाची उंची पुन्हा मोजायला लावा. आणि पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा मारून द्या. मावशीच्या ओटीच्या दोन पायऱ्यांना मी तो या रविवारी मारला.