इशाऱ्याचे व्याकरण : संगणकातील स्थित्यंतर आणि मराठी मजकूर

ललित वाङ्मयाच्या समीक्षेत शब्दाची निवड, वक्त्याची भूमिका आणि श्रोत्याचे स्थान या गोष्टी आपण बारकाईने पाहतो. परंतु ज्या लेखनाचा आपल्या व्यवहारावर रोज परिणाम होतो त्याला ही कसोटी सहसा लावली जात नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा इशारा हे अशा लेखनाचे एक उदाहरण होय. प्रोसेसरची रचना बदलत असताना ‘हा प्रोग्राम यापुढे चालणार नाही’ अशा आशयाची जी दोन-तीन वाक्ये वापरणाऱ्यापुढे येतात, त्यांच्यावर एखाद्या संस्थेच्या वीस वर्षांच्या दप्तराचे भवितव्य अवलंबून असू शकते. प्रस्तुत लेखात या वाक्यांची लेखन म्हणून तपासणी करावयाची आहे. ती सरळ असत्य नाहीत. परंतु कर्ता, श्रोता आणि विषय या तिन्ही बाबतींत ती अपुरी आहेत, आणि मराठी मजकुराच्या संदर्भात हे अपुरेपण विशेष घातक ठरते, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रत्येक प्रोसेसरला आज्ञांचा एक ठरावीक संच समजतो आणि प्रोग्राम त्या संचातच उतरविलेला असतो. स्थित्यंतर दोन प्रकारचे असते. एकात कुळ तेच राहते, पण मोजमाप वाढते : ३२ बिटांच्या पत्त्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट्स, म्हणजे चार गिगाबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचता येते, ती मर्यादा ओलांडण्यासाठी ६४ बिटांची रचना आली. दुसऱ्या प्रकारात कुळच बदलते. ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेलचा प्रोसेसर घेतला आणि २०२० मध्ये इंटेल सोडून आर्म रचनेवरील स्वतःचा प्रोसेसर घेतला. अशा वेळी जुना प्रोग्राम चालावयाचा तर मध्ये दुभाष्या लागतो. दुभाष्या नसेल, तर इशारा येतो.

आता एका इशाऱ्याचा पाठ पाहावा. २०१८ च्या एप्रिलपासून मॅकओएस हाय सिएरामध्ये ३२ बिटांचा प्रोग्राम उघडताच असे सांगितले जाई की, हा प्रोग्राम तुमच्या मॅकसाठी अनुकूल करून घेतलेला नाही व त्याच्या कर्त्याने तो सुधारावयास हवा. त्याच वर्षी आलेल्या मोहावीत, पुढच्या आवृत्त्यांत तो चालणार नाही, अशी पुस्ती जोडली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना आली आणि ३२ बिटांचे प्रोग्राम खरोखरच बंद पडले. या पाठातील ‘अनुकूल नाही’ हा शब्दप्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. अनुकूलता ही कमी-अधिक असणारी गोष्ट आहे; प्रोग्राम थोडा मंद चालेल, एवढाच अर्थ त्यातून निघतो. प्रत्यक्षात प्रश्न कमी-अधिकाचा नसून असण्या-नसण्याचा होता. इशाऱ्याचे सारे बळ अभिधेत असावे लागते. धोका व्यंजनेने सुचविणे काव्यात गुण ठरेल, इशाऱ्यात तो दोषच होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा कर्त्याचा. ‘तुमच्या मॅकसाठी’ हे शब्द वाचून अडचण यंत्रात आहे असे वाटते. वस्तुतः त्या काळच्या मॅकमधील इंटेल प्रोसेसर ३२ बिटांच्या आज्ञा चालविण्यास समर्थ होता. त्याच यंत्रावर विंडोज बसविली तर ३२ बिटांचे प्रोग्राम चालत. निर्णय यंत्राचा नव्हता, ॲपलचा होता. परंतु वाक्याच्या कर्तृपदी प्रोग्राम बसला, दोष त्याच्या निर्मात्याकडे गेला, आणि ज्याने निर्णय घेतला तो वाक्याबाहेर राहिला. जो प्रोग्राम काल होता तोच आज आहे. बदलली ती भोवतालची व्यवस्था. हा बदल ज्याने केला त्याचा उल्लेख करणारे एकही पद त्या वाक्यात नाही.

आपल्या व्यवहारात अशा लेखनाला दुसरा नमुना उपलब्ध आहे. गुहागरच्या तहसील कार्यालयाबाहेर लागणारी जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस घ्या. तिची भाषा रुक्ष असते. पण नोटीस कोणाच्या अधिकाराने निघाली, कोणत्या जमिनीविषयी आहे, हरकत कोठे आणि किती दिवसांत घ्यावयाची, हे तीत असावेच लागते. जुन्या काळची दवंडीही हुकूम कोणाचा हे सांगितल्यावाचून पुरी होत नसे. संगणकाच्या इशाऱ्यात अधिकार सांगितलेला नसतो, आणि मुदतीच्या जागी ‘पुढच्या आवृत्त्या’ असा मोघम शब्द येतो.

तिसरा प्रश्न श्रोत्याचा. ‘प्रोग्रामच्या निर्मात्याशी संपर्क साधा’ हे विंडोजच्याही इशाऱ्यांतील नेहमीचे वाक्य आहे. निर्माता हयात आहे, त्याचा पत्ता माहीत आहे आणि नवी आवृत्ती घेणे परवडते, हे तीत गृहीत धरलेले असते. मराठी मुद्रणाची स्थिती वेगळी होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्र पुढे आणले, तेव्हा देवनागरीसाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. म्हणजे लिपीच यंत्रभागात होती. पुढे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती असे संच छापखान्यांत रुळले. अशा संचांना पुष्कळदा चोरीला आळा घालणारे कुलूप असे, ज्याला व्यवहारात डाँगल म्हणतात. त्याला चालविणारा ड्रायव्हर ३२ बिटांचा असेल तर ६४ बिटांची विंडोज तो स्वीकारीत नाही. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला ३२ बिटांची आवृत्तीच नाही. निर्मात्यांनी नव्या आवृत्त्या व रूपांतराची साधने काढली, हे खरे. पण ज्याने एकदाच संच घेऊन पंधरा वर्षे लग्नपत्रिका छापल्या, त्याच्यापर्यंत ती पोहोचतीलच असे नाही.

चौथा आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा विषयाचा. इशारा प्रोग्रामविषयी बोलतो, मजकुराविषयी बोलत नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या घरांत बसविलेली असत आणि ही मांडणी दर संचात निराळी असे. फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडला, तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. आणि त्या वेळी कोणताही इशारा येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. फायलींची कथा याहून वेगळी नाही. पेजमेकरची ७.० ही अखेरची मोठी आवृत्ती २००१ ची. तिच्या फायली इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस ६ पर्यंत उघडत, पुढे नाही. प्रोग्राम बंद पडताना गजर होतो. मजकूर मुका होताना सारे शांत असते.

याचा अर्थ गुहागरसारख्या तालुक्याच्या गावी काय होतो, ते पाहावे. व्याडेश्वर हे अनेक घराण्यांचे कुलदैवत. ती घराणी पुण्या-मुंबईस आणि परदेशी पांगलेली असल्याने उत्सवाच्या पत्रिका, कुलवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल हेच गावाशी त्यांचे लेखी नाते. यांतील जे लेखन फाँटांच्या काळात जुळविले गेले, त्याची छापील प्रत राहील. परंतु त्यात नाव शोधणे, वंशावळीत भर घालणे, नवी आवृत्ती काढणे हे सारे रूपांतरावाचून अशक्य. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून ती संगणकात अंगभूत मिळू लागली. साधन होते, ते केव्हा वापरावे हे सांगणारा इशारा नव्हता.

अशा स्थित्यंतराचा अनुभव मराठीला नवा नाही. मोडी मागे पडून बाळबोध लिपी सर्वत्र आली, तेव्हा जुने दप्तर वाचू शकणारी माणसे पिढीगणिक कमी होत गेली. पण कागद टिकला आणि मोडी वाचणारा त्याचे लिप्यंतर आजही करून देतो. युनिकोडमध्येही मोडीला २०१४ साली स्थान मिळाले. याच्या तुलनेत ॲपलने आपल्या दुभाष्या प्रोग्रामला दिलेले ‘रोझेटा’ हे नाव तपासावे. १७९९ मध्ये सापडलेला रोझेटाचा शिलालेख तीन लिप्या शेजारी ठेवून दोन हजार वर्षे टिकला, म्हणूनच त्याचा उपयोग झाला. ॲपलचा पहिला रोझेटा २००६ मध्ये आला व २०११ मध्ये काढून घेतला गेला. दुसरा २०२० मध्ये आला आणि काही जुन्या खेळांचा अपवाद वगळता मॅकओएस २७ नंतर तो राहणार नाही, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. जे टिकण्यासाठी प्रसिद्ध आहे त्याचे नाव तात्पुरत्या सोयीला देणे ही उपमा मुळातच उलटी आहे.

निर्मात्यांचा पक्षही लक्षात घेतला पाहिजे. दोन रचना एकाच वेळी सांभाळणे खर्चाचे आहे, जुन्या भागांत सुरक्षिततेची छिद्रे राहतात, आणि पडद्यावरच्या चौकटीत निबंध मावत नाही. हे सर्व मान्य. परंतु आक्षेप संक्षेपावर नाही, निवडीवर आहे. ‘आम्ही अमुक महिन्यापासून हे बंद करीत आहोत, या प्रोग्राममधील आपले लेखन त्यापूर्वी अमुक रूपात काढून ठेवा’ या वाक्यास जागा अधिक लागत नाही. त्यात कर्ता आहे, मुदत आहे, आणि वाचणाऱ्याला आपल्या हाताने करता येईल अशी कृती आहे.

मराठी विभागांचे काम येथे सुरू होते. संगणकाच्या मराठी अनुवादात आपण ‘सुसंगतता’ की ‘अनुरूपता’ याचा काथ्याकूट करतो. पण मूळ वाक्याचा प्रयोग तसाच उचलतो. पारिभाषिक शब्द बदलून सदोष वाक्य निर्दोष होत नाही. वाक्याने कोणाला झाकले आणि काय सांगावयाचे राहिले, हे दाखविणे समीक्षेचे काम आहे. त्याबरोबर आपापल्या तालुक्यातील फाँटांच्या काळातील मजकुराची यादी करणे हे संशोधनाचे काम आहे. आणि ते, तो मजकूर जुळविणारी माणसे व त्यांचे जुने संगणक हाती आहेत, तोवरच सोपे आहे.