‘झपाटलेला २’ : बाहुल्याला जोडीदार मिळाला नाही

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली पडद्यावर आला आणि त्यातल्या बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूचे नाव घरोघरी पोहोचले. भुताने हसवण्याची वाट मराठीत तोवर रुळलेली होती. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये खंडोजी फर्जंदाचे भूत मास्तरांच्या मदतीला धावते. ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये बाटलीतला गंगाराम लक्ष्या या पात्राची कामे करतो. या चित्रपटांत अमानवी शक्ती नायकाच्या बाजूची होती. ‘झपाटलेला’ने ती नायकाच्या जिवावर उठवली, आणि तरीही लोक हसले.

कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) घेतलेली होती. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, एवढा सांगाडा तिकडचा. मात्र तिथे बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो, तर इथे बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या लक्ष्याच्या. सगळी गंमत या एका बदलात आहे. बाहुला बोलतो असे मूल म्हणाले तर लोक ते हसण्यावारी नेतात. पण शब्दभ्रमाचा खेळ करणाऱ्यानेच तसे सांगितले तर कोण विश्वास ठेवणार? बाहुल्याच्या तोंडचा शब्द न् शब्द लक्ष्याच्याच खाती जमा होतो. तो जितका कळवळून सांगतो तितका वेडा ठरतो. लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची भेदरलेली नजर, अडखळणारी जीभ, मधू कांबीकर यांनी उभी केलेली भाबडी आई, रामदास पाध्ये यांनी घडवलेला व हलवलेला बाहुला आणि त्याला मिळालेला दिलीप प्रभावळकर यांचा खरखरीत आवाज, यांतून भीती आणि हसू एकाच प्रसंगात येत राहते.

दुसरा भाग वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये आला. बेर्डे यांचे २००४ साली निधन झाले होते. त्यामुळे कथा लक्ष्याचा मुलगा आदित्य याच्यावर आली आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. बाहुला, त्याचा आवाज, महेश जाधव हे पोलीस अधिकाऱ्याचे पात्र आणि लक्ष्याची आई एवढे जुने सामान हाताशी होते. सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी नवी मंडळीही आली.

चित्रपट फसला तो मांडणीत. आदित्य हा रुबाबदार, प्रेमात पडणारा नायक आहे. त्याची फजिती होऊ शकते, पण घाबरणे हा त्याचा स्वभाव नाही. पहिल्या भागात भिणारा आणि हसवणारा माणूस एकच होता. इथे भीती एकाकडे, विनोद दुसऱ्याकडे आणि नाचगाणे तिसरीकडे गेले. तात्या विंचू एकटाच आपल्या जुन्या लकबी करत राहतो आणि प्रेक्षक ओळखीच्या शब्दाला टाळी देतो. ही टाळी जुन्या आठवणीला असते, समोरच्या प्रसंगाला नव्हे.

दुसरी चूक थ्रीडीची. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली. नव्या तंत्राचा ध्यास कोठारे यांना जुनाच. ‘धडाकेबाज’ त्यांनी सिनेमास्कोपमध्ये काढला होता. पण तिथे तंत्र कथेच्या मागे उभे होते, इथे ते पुढे आले. वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर फेकल्या गेल्या, तरी लक्ष्याच्या खोलीत नुसत्या मान वळवणाऱ्या बाहुल्याची धास्ती त्यांतून आली नाही. शिवाय मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात मराठी चित्रपट पुढे वर्षानुवर्षे जगतो तो टीव्हीवर. तिथे चष्मा नसतो, म्हणून थ्रीडीही नसते. ‘झपाटलेला’ तिथे कितव्यांदाही रंगतो. दुसऱ्या भागाचे मुख्य भांडवलच तिथे बाद होते.

हिंदीतल्या ‘स्त्री’ (२०१८) आणि ‘स्त्री २’शी (२०२४) तुलना केली तर फरक ध्यानात येतो. तिथे भूत बदलले, पण चंदेरी गाव आणि भेदरट मित्रांची टोळी तीच राहिली. भयविनोदाची मालिका भुतापेक्षा घाबरणाऱ्यावर अधिक चालते. ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाचीही घोषणा झाली आहे. बेर्डे यांची जागा भरून निघणारी नाही. पण जो बोलतो त्याच्यावरच संशय जावा, असा पेच नव्या पात्राभोवती पुन्हा रचता येतो. दुसऱ्या भागात तो पेचच लिहिला गेला नव्हता.