खेळाचे नियम आणि कथेचा धर्म

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार पाहिलेल्या आमच्या वाचकांना लिखित संहितेवाचून नाट्य कसे उभे राहते, हे सांगावयास नको. कथा ठाऊक असते. संभाषण मात्र नट तेथल्या तेथे रचतो. पाश्चात्त्य देशांत मेजाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ हा त्याचा दूरचा आप्तच म्हणावा. तेथे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र अंगीकारतो, एक जण सूत्रधार होतो. शेवट कोणासच ठाऊक नसतो, आणि जे संशयित त्याचा निकाल फासे व नियमग्रंथ देतात.

अद्भुत कथेसाठी असा ग्रंथ निवडताना बहुतेक जण त्याची प्रसिद्धी पाहतात. आमच्या मते पाहावयाचे ते निराळेच: हा ग्रंथ कोणत्या कृत्याला फळ देतो?

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कथेचे उदाहरण घेऊ. तिचा कणा पराक्रम नव्हे, दया आहे. हाती तलवार असता बिल्बोने गॉलमला जिवंत सोडले, पुढे फ्रोडोनेही सोडले. आणि अखेरच्या क्षणी फ्रोडोचे मन ढळले तेव्हा त्या गॉलममुळेच घातकी अंगठी अग्नीत पडली.

आता नियम पाहू. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये (१९७४) राक्षस मारल्याने व द्रव्य मिळविल्याने पात्राची उन्नती होते. भुयारांतील साहसांना ते शोभते; तेथे आमची तक्रार नाही. १९८४ साली खास टोल्किनच्या जगासाठी निघालेल्या 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग'ची प्रदेशवर्णने समृद्ध आहेत. परंतु तेथेही घाव, वध व मंत्रप्रयोग यांचे गुण मोजले जातात. या हिशेबाने दयाळू बिल्बो तोट्यातच राहावयाचा!

नेपितेल्लो यांचा 'द वन रिंग' (२०११) हे मर्म ओळखतो. त्यात पात्राजवळ आशा असते आणि त्याच्यावर छाया साचत जाते. दुष्कृत्याने छाया वाढते. ती आशेवर मात करू लागली की पात्र विषण्ण होते. वाटेचा शीण मोजला जातो, आणि साहसानंतरच्या विसाव्यालाही नियमांत स्थान आहे. ज्यांना केवळ रणकौशल्याची हौस आहे, त्यांना हा ग्रंथ कोता वाटेल. पण ती हौस या कथेची नव्हे.

कुशल सूत्रधार कोणत्याही नियमांतून रस काढील, असा आक्षेप येईल. एखादी रात्र तो सावरील, हे आम्हांस मान्य आहे. परंतु खेळ महिनोन्महिने चालतो, आणि वधाला दर खेपेस फळ व दयेला शून्य मिळत राहिले, तर खेळाडू सूत्रधाराचे न ऐकता नियमाचेच ऐकू लागतात. मग नावे टोल्किनची उरतात, कथा उरत नाही.

म्हणून ग्रंथ घेण्यापूर्वी चित्रे मागाहून पाहावीत. फळाचे प्रकरण आधी वाचावे.