परशुरामला कोण सांगणार?

‘श्वास’ बघून रडू येतं, हे सांगायला कोणी लेख लिहायची गरज नाही. संदीप सावंतचा हा सिनेमा 2004 साली आला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं आणि भारताकडून तो ऑस्करसाठी पाठवला गेला. तेव्हापासून ‘मराठी सिनेमाला पुन्हा उभं करणारा सिनेमा’ एवढीच त्याची ओळख उरलीय. हार इतके पडलेत की खालचा चेहरा दिसेना. परवा तो मोबाइलवर पुन्हा पाहिला आणि वाटलं, यातलं खरं भांडण कॅन्सरशी नाहीच. पेशंटला त्याचा आजार कोणी सांगायचा, यावर सगळा सिनेमा उभा आहे.

गोष्ट माधवी घारपुरे यांच्या कथेवरून घेतलेली. कोकणातले केशव विचारे (अरुण नलावडे) नातवाला, परशुरामला (अश्विन चितळे), डोळे दाखवायला शहरात आणतात. डॉ. साने (संदीप कुलकर्णी) निदान करतात: रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण नजर जाईल. आजोबांना हे कळतं, पटतंही. तरी फॉर्मवर सही करून सुटका होत नाही. ज्याची नजर जाणार आहे, त्यालाही आधी सांगावं लागणार असतं.

इथे एक तांत्रिक खोट काढतो. हा आजार बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच सापडतो, आणि दोन्ही डोळ्यांत असला तर आणखी लवकर. परशुराम त्या मानाने मोठा आहे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकली, तर ती या आजाराची खूण असू शकते. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. त्याच्या जुन्या फोटोंत त्यांना ही चमक सापडली आणि त्यातून त्यांनी ‘क्रेडल’ नावाचं मोफत अ‍ॅप बनवून घेतलं. 2019 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, डोळ्याचा आजार असलेल्या 80 टक्के मुलांच्या जुन्या फोटोंत या अ‍ॅपने ही चमक पकडली, तीही निदानाच्या सरासरी 1.3 वर्षं आधी. (लहान भाचरं असतील तर आज गॅलरी चाळा. आणि शंका आली तर अ‍ॅपवर थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.) वेळेत सापडलं तर केमोथेरपी आणि लेसरने पुष्कळदा डोळाही वाचतो.

पण दोन वर्षांचा परशुराम घेतला असता तर सिनेमाच झाला नसता. लेखिकेला आणि दिग्दर्शकाला असा मुलगा हवा होता जो विचारेल, चिडेल, लपवलेलं ओळखेल. म्हणून ही वैद्यकीय सैल गाठ मला मंजूर आहे.

आता मानवतचं सांगतो. आमच्या गावाचं नाव पडद्यावर आलं ते ‘मानवत मर्डर्स’मुळे, त्यामुळे पुण्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पण मानवतच्या खऱ्या घरांत जास्त दबक्या आवाजात बोललं जातं ते कॅन्सरबद्दल. त्याला ‘मोठा आजार’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘गाठ’. माझ्या आत्याला तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा घरात ठरलं की तिला ‘अल्सर’ सांगायचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तिला पुण्याला आणलं. बायॉप्सीचा रिपोर्ट आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे आला होता, कारण नात्यात इंजिनिअर मी. सिनेमात डॉक्टर आणि घरचे यांच्यामध्ये आसावरी (अमृता सुभाष) उभी आहे. ती हॉस्पिटलमधली समाजसेविका, ते तिचं कामच. आमच्याकडे शहरात नोकरी करणारा भाचा म्हणजे आसावरी. सॉफ्टवेअरमधला माणूस ‘स्टेज’ या शब्दाचा अर्थ गूगल करून तीन काकांना फोनवर समजावतो. आत्या सातवी पास. विभागाच्या दारावरची पाटी तिने वाचली आणि बाकावर बसत म्हणाली, “अल्सरवाले बी इथंच येतात व्हय?”

त्यामुळे मला आसावरी थोडी जास्तच गोड वाटते. तिच्या बाजूने सिनेमा तिला चुकू देत नाही. साने मात्र अस्सल आहेत: घाईत, तुटक, आणि तरीही मुलापासून काही लपवू न देणारे. मराठी सिनेमातल्या डॉक्टरला देव किंवा कसाई न करता कामाने दमलेला माणूस केलं, हे मोठंच.

ऑपरेशनआधी आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात, तो भाग सगळ्यांना आठवतो. हॉस्पिटलच्या लेखी पेशंट पळाला. आजोबांच्या लेखी नातवाला जग बघून घ्यायचं राहिलंय, आणि ती वेळ कुठल्याच केसपेपरवर लिहिलेली नाही. दोघांचंही बरोबर आहे आणि सावंत कोणाला खलनायक करत नाहीत. माझ्या लेखी सिनेमातली सर्वांत चांगली शुश्रूषा हीच.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो, वास-आवाजांवरून किनारा ओळखतो, आणि आपण डोळे पुसून उठतो. प्रकाश आणि पाणी इतकं सुंदर आहे की पुढचं विचारावंसं वाटत नाही. पुढे ब्रेल आहे, पांढरी काठी आहे, शाळा कुठली हा प्रश्न आहे. दोन्ही डोळ्यांतला हा आजार बहुधा जनुकांतून आलेला असतो, म्हणून भावंडांचे डोळे तपासायचे आणि दुसऱ्या कॅन्सरच्या भीतीने आयुष्यभर तपासण्या करत राहायच्या. उपचाराचा हा सर्वांत लांब भाग, आणि तो कंटाळवाणा आहे. कोणी पोस्टरवर लावणार नाही.

ऑपरेशन आणि रेडिएशननंतर आत्याचं तोंड उघडेना. व्यायामाला तिला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दिल्या: एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. ओसरीवर बसून ती हे रोज करायची. मी फोन केला की तब्येतीचं विचारायच्या आधीच आकडा सांगायची. नऊवर बरेच दिवस अडकली होती. दहा झाल्या त्या दिवशी फोन तिनेच लावला.