शतावरीने दूध वाढतं का? तीन भारतीय पेपर शेजारी ठेवून वाचताना

पीएच.डी.च्या सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांकडून एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा ऐकायला मिळतं: ‘शतावरीचा स्तनदा मातांच्या दुधावर होणारा परिणाम : वाशीम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. कधी शतावरीच्या जागी मेथी, कधी अळीव. (‘विशेष संदर्भात’ या शब्दांनी मराठी प्रबंधांत नेमकं काय विशेष होतं, यावर कधीतरी वेगळी पोस्ट लिहीन.)

विषय हलका अजिबात नाही. आपल्याकडे बाळंतीण माहेरी आली की अळिवाची खीर आणि डिंक-मेथीचे लाडू सुरू होतात, मग शतावरी कल्पाचा डबा येतो. एवढं करूनही लेकरू रडलं की घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘दूध पुरत नाही हिचं.’ आणि बाटलीत वरचं दूध येतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं, आणि महिनाभरात ते म्हणणं खरं ठरतं. एका बाळाचं वजन आणि एका घराचा खर्च त्या वाक्यावर अवलंबून असतो. म्हणूनच या विषयावरचे पेपर नीट वाचायला हवेत. आज तीन घेऊ, तिन्ही भारतातले.

पहिला २०११ चा. मृदू गुप्ता आणि बद्री शॉ यांची चाचणी, ‘इराणियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल रिसर्च’मध्ये छापलेली. ६० स्तनदा माता, दोन गट, डबल-ब्लाइंड, रँडमाइज्ड. शतावरीची बाजू मांडणारे लोक सगळ्यात जास्त याच पेपरचा दाखला देतात, कारण त्याच्या सारांशात लिहिलंय की शतावरी घेणाऱ्या गटात प्रोलॅक्टिन तुलनेच्या गटापेक्षा तिपटीहून जास्त वाढलं. सिनॉप्सिसच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ प्रकरणात हे वाक्य आलं की वाचणारा खूश होतो.

पण थांबा, ‘तिप्पट’ कशाच्या तिप्पट? आकडे असे आहेत: शतावरी गटात प्रोलॅक्टिनची सरासरी वाढ सुमारे ३३ टक्के, दुसऱ्या गटात सुमारे १० टक्के. म्हणजे सुरुवातीची पातळी १०० धरली तर एक गट १३३ वर गेला आणि दुसरा ११० वर. तिप्पट झालेत ते वाढीचे टक्के. प्रोलॅक्टिन स्वतः तिप्पट झालेलं नाही. सारांशातलं वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण ते वाचून दहातल्या नऊ जणांच्या डोक्यात १०० चे ३०० होतात. म्हणून माझा आग्रह असतो की सारांशातला कुठलाही ‘पट’ उचलण्याआधी तक्त्यात जाऊन मूळ आकडा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. या चाचणीचं मुख्य मोजमाप, म्हणजे प्रायमरी आउटकम, प्रोलॅक्टिन होतं. दूध नव्हतं. आईच्या रक्तातलं संप्रेरक मोजून बाळाच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. प्रोलॅक्टिनशिवाय दूध तयार होत नाही हे खरं, पण एकदा दूध नीट यायला लागलं की प्रोलॅक्टिन जास्त म्हणजे दूध जास्त, असा सरळ हिशोब राहत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या पीटर हार्टमन यांच्या गटाने १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं: रक्तातल्या प्रोलॅक्टिनची पातळी आणि दूध तयार होण्याचा वेग यांचा संबंध त्यांना सापडला नाही. शिवाय बाळ अंगावर पीत असताना प्रोलॅक्टिन वर जातं, नंतर खाली येतं, रात्री आणखी वेगळं असतं. रक्त कधी घेतलं यावरही आकडा बदलतो.

प्रयोगशाळा नको असेल तर घरातलंच उदाहरण बघा. बाळाला उजवीकडेच प्यायची सवय लागली तर काही दिवसांत डावीकडचं दूध कमी होतं. रक्त दोन्हीकडे एकच, प्रोलॅक्टिनही एकच. मग फरक कशाने पडला? डावी बाजू रिकामी होत नाही म्हणून. भरून राहिलेला स्तन आपला वेग आपणच कमी करतो, रिकामा होणारा वाढवतो. दूध वाढवण्याच्या संशोधनात हा धागा सुटला की पुढचं सगळं औषधाभोवती फिरत राहतं.

याच पेपरमध्ये बाळांचं वजन आणि आईचं समाधानही दुय्यम मोजमाप म्हणून घेतलं होतं आणि तेही शतावरीच्या बाजूने आलं, हे इथे सांगायलाच हवं. टीका करताना सोयीचा अर्धा भागच दाखवू नये. पण टक्क्यांत मोजलेली वजनवाढ वाचताना बाळांची वयं बघा. एक महिन्याचं बाळ आणि पाच महिन्यांचं बाळ महिन्याभरात सारख्या टक्क्याने वाढत नाहीत. ६० जणींच्या चाचणीत एका गटात लहान बाळं थोडी जास्त आली तरी निकाल झुकू शकतो.

आता दुसरा पेपर. शर्मा, रामजी, कुमारी आणि बापना, ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’, १९९६. दूध अपुरं पडणाऱ्या ६४ माता, रँडमाइज्ड चाचणी, औषध शतावरी असलेलं. प्रोलॅक्टिनमध्ये दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही आणि शतावरीने दूध वाढतं असं दिसलं नाही. पंधरा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. गंमत म्हणजे बरेच सिनॉप्सिस यातला एकच सांगतात, आणि तो कुठला ते तुम्ही ओळखलं असेल. अर्थात उलट टोकाला जाऊन ‘१९९६ मध्ये सिद्ध झालं की शतावरी निरुपयोगी आहे’ असंही लिहू नका. ६४ जणींत फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाहीच, असा होत नाही. लहान फरक लहान नमुन्यात निसटतो.

तिसरा पेपर मला या तिघांत सगळ्यात जास्त शिकवून गेला, आणि त्यात शतावरीचं नावही नाही. सीमा, पटवारी आणि सत्यनारायण, १९९७, दिल्लीतला अभ्यास. दूध बंद पडलेल्या किंवा फार कमी झालेल्या ५० माता. सगळ्यांना एकच मुख्य उपचार: बाळाला वारंवार अंगावर घेणं आणि त्यासाठी सतत मदत. त्यातल्या २५ जणींना वर मेटोक्लोप्रामाइड दिलं. हे उलटीवरचं औषध, प्रोलॅक्टिन वाढवणारं म्हणून माहीत असलेलं. निकाल असा: ५० पैकी ४६ जणींचं दूध पूर्ण परत आलं आणि औषध घेणाऱ्या-न घेणाऱ्यांत फरक पडला नाही.

रचना किती साधी आहे बघा. गोळीचा स्वतःचा वाटा किती, एवढंच विचारलंय. उरलेलं सगळं दोन्ही गटांना सारखं. पण इथेही मी एक रेघ ओढते. वारंवार पाजणं दोन्ही गटांत होतं, त्यामुळे ‘पाजण्याने दूध परत आलं’ हे या चाचणीने रँडमाइज करून सिद्ध केलेलं नाही. ते मजबूत निरीक्षण आहे, चाचणीचा निष्कर्ष नाही. शिवाय दवाखान्यात सारखं कोणीतरी मदतीला होतं. मालेगाव किंवा मानोऱ्याच्या खेड्यात ती मदत कोण देणार, हा वेगळा संशोधनप्रश्न आहे. आणि माझ्या मते शतावरीपेक्षा चांगला.

पुढचं जागतिक चित्रही थोडक्यात. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मातांवरच्या ४१ चाचण्या आणि ३००५ माता होत्या. औषधं, वनस्पती सगळं मिळून. पुराव्याची खात्री बहुतेक ठिकाणी ‘अतिशय कमी’. इतक्या चाचण्या करून हाती एवढंच येतं, तेव्हा आणखी एक ६० जणींची तशीच चाचणी करून काय मिळेल, हे गाइडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

मला खरी गडबड त्याही आधी दिसते, ‘कमी दूध’ या शब्दात. कमी कोणी ठरवलं? आईने, सासूने, की काट्याने? केंट आणि हार्टमन यांच्या गटाने २००६ मध्ये एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या ७१ बाळांचं प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर वजन करून २४ तासांचं दूध मोजलं. कमीत कमी ४७८ ग्रॅम, जास्तीत जास्त १३५६, सरासरी ७८८. ही सगळी नीट वाढणारी बाळं होती. म्हणजे एका आईला दुसरीच्या निम्म्याहून कमी दूध येतं आणि दोघींचीही बाळं ठणठणीत असतात. त्यात पहिल्या काही आठवड्यांनंतर स्तनांचा ताठरपणा जातो, संध्याकाळी बाळ किरकिरतं, घरच्यांना वाटतं दूध आटलं. अशा तक्रारीवरून माता निवडल्या तर ज्यांना मुळात कमी नव्हतंच त्यांनाही तुम्ही ‘बरं’ करता. महिनाभर साखरेचं पाणी दिलं तरी त्यातल्या कितीतरी जणी समाधानी होतील.

म्हणून निकष बाळाकडून घ्या. महिन्याला ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनवाढ, दिवसातून सहापेक्षा कमी वेळा आणि गडद लघवी. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरभेटी देतात, वजनही नोंदवतात. ती वही तुमच्या प्रश्नावलीपेक्षा जास्त बोलेल. मात्र आधी-नंतरच्या वजनाची पद्धत वापरायची असेल तर लटकवायचा स्प्रिंगचा काटा चालणार नाही. एका वेळेला बाळ सरासरी सत्तर-ऐंशी ग्रॅमच घेतं, तो फरक अशा काट्यावर दिसत नाही.

आणि याची दुसरी बाजू. ‘दूध कमी पडत नाही, आईला तसं वाटतं’ हे वाक्य संशोधकांना फार सोपं झालंय. काही जणींना खरंच कमी येतं: बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेला असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइड असतं, काहींच्या स्तनांत दुधाच्या ग्रंथीच पुरेशा नसतात. त्यांना मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं तर बाळ सुकतं.

आता वाशीम. जिल्ह्याचं नाव शीर्षकात आहे, तर ते अभ्यासातही दिसू द्या. इथे जून-जुलैत सोयाबीनची पेरणी, मग निंदण, ऑक्टोबरच्या सुमारास सोंगणी. मजुरीला जाणारी आई दोन-तीन महिन्यांचं बाळ आजीजवळ ठेवून सकाळी निघते, दुपार टळल्यावर येते. मधली दोन-तीन पाजणी चुकतात. वर सांगितलेली भरून राहण्याची यंत्रणा इथे रोज काम करते. पेरणीच्या महिन्यांत जन्मलेली बाळं आणि उन्हाळ्यात जन्मलेली बाळं, कामावर परतण्याचा दिवस, घरापासून शेताचं अंतर, वरचं दूध कितव्या दिवशी आलं, एवढं जरी नीट नोंदवलं तरी तो अभ्यास दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात जसाच्या तसा करता येणार नाही. ‘विशेष संदर्भ’ म्हणतात तो हा.

जिल्ह्याचा आकडा हवा म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची फॅक्टशीट उघडाल, तर दोन गोष्टी बघा. ‘सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान’ हा आकडा आधीच्या २४ तासांत बाळाने काय घेतलं या प्रश्नावरून काढलेला असतो, सहा महिन्यांच्या इतिहासावरून नाही. आणि आकडा कंसात असेल तर तो फक्त २५ ते ४९ बाळांवर आधारलेला आहे. चांदणी असेल तर २५ हूनही कमी, म्हणून छापलेलाच नाही. कंस काढून टाकून तो आकडा प्रबंधात टाकणारे मी पाहिलेत.

शेवटी एथिक्स कमिटीत विचारला जाणारा प्रश्न. तुमच्या तुलनेच्या गटातल्या एखाद्या बाळाचं वजन दोन आठवडे वाढलंच नाही, तर तुम्ही काय करणार? ‘अभ्यास संपेपर्यंत निरीक्षण’ हे उत्तर चालत नाही. त्या बाळाला कोणत्या दिवशी, कोणत्या वजनाला, कुठल्या डॉक्टरांकडे पाठवणार आणि जायची गाडी कोण देणार, हे सिनॉप्सिसमध्येच लिहावं लागतं. लिहिताना लक्षात येईल की दोन्ही गटांतल्या आयांना नीट पाजायला शिकवणंही तुम्हाला टाळता येणार नाही, आणि मग चाचणी आपोआप १९९७ च्या दिल्लीसारखी दिसायला लागते.